मोडक्या रणगाड्याची डागडुजी



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी मजुरीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती साहजिकच होती. आमची तीस वर्षे कामगारांच्या सभांत आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली आहेत. परंतु आम्ही त्यांना कळविले, की यंदा आम्ही प्लॅस्टिकच्या जुन्या रणगाड्यांच्या दुरुस्तीवर बोलणार. चालकांनी विषय दोनदा विचारून घेतला. आमच्या प्रकृतीचीही चौकशी केली! प्रकृती ठीक आहे. विषयही, आम्हांस वाटते, ठीकच आहे. तो ठीक कसा हे तासाभरात पटवून देता आले नाही, तर सभा आम्हांला खाली बसवू शकते.

आधी एका शब्दाची गोष्ट सांगतो. साल्हेर-मुल्हेरवर आपल्यापैकी बहुतेक जण गेलेले आहेत. त्या गडांवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आपण पाहिली आहेत. या 'टाके' शब्दाशी, आणि गुजरातीतल्या त्याच्या भावंडाशी, इंग्रजी कोशकार 'टँक' या शब्दाचे नाते जोडतात. पोर्तुगीज शब्दाचाही त्यात हात असावा असे म्हणतात. पाण्याचा हा शब्द लोखंडी गाडीला कसा चिकटला? पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या लिंकन शहरी विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात हे नवे यंत्र तयार होत होते. ते गुप्त राहावे म्हणून मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनत आहेत, असे भासविण्यात आले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर त्या 'टाक्या' चिखलातून चालत पुढे आल्या, तेव्हा जगाला खरे काय ते कळले. नाव मात्र टाकीचेच राहिले. आपल्या हातून काय घडते आहे हे घडविणाऱ्याला सांगितले जात नाही, हा अनुभव आम्हां कामगारांना नवा नाही. पण ही तक्रार आज बाजूला ठेवू.

आता प्रतिकृतींकडे वळू. दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतात, त्यांवर मावळे मांडतात. मोठी वस्तू हाताच्या मापात आणून समजून घ्यावी, ही माणसाची जुनीच हौस आहे. रणगाड्याच्या प्रतिकृतींत दोन मापे फार चालतात. एक शहात्तरावा हिस्सा. फुटाला चार मिलिमीटर धरले की ३०५ मिलिमीटरच्या फुटाचा साधारण शहात्तरावा भाग होतो. खेळण्यातल्या आगगाड्यांवरून हे माप आले. दुसरे पस्तिसावा हिस्सा. याची जन्मकथा मजेची आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात विजेच्या बॅटऱ्या बसाव्यात एवढा आकार धरला. नंतर मोजून पाहिले तेव्हा तो पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघाला. पुढे साऱ्या जगाने तेच माप उचलले. म्हणजे आज ज्याला शास्त्र म्हणतात, ते एका बॅटरीच्या लांबीरुंदीवरून ठरले! कारखान्यात अशा गोष्टी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. जॉब हातात असेल त्या मापाचा करायचा, ड्रॉइंग मागाहून काढायचे.

या मापाचा हिशेब ध्यानात घ्या, कारण पुढची सारी दुरुस्ती त्यावर अवलंबून आहे. आपल्या लष्कराने १९६५ आणि १९७१च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा सुमारे ५१ टनांचा आणि तोफेची नळी सोडून साडेसात मीटरांहून थोडा लांब. पस्तिसाव्या हिश्शात त्याची लांबी बावीस सेंटिमीटरच्या आत येते. आपली वीत तेवढीच. लांबी पस्तीस पटींनी घटते, तेव्हा रुंदी आणि उंचीही तितकीच घटते. म्हणून वजन जवळजवळ त्रेचाळीस हजार पटींनी उतरते. त्याच पोलादाची वीतभर प्रतिकृती केली, तर ती भरेल बाराशे ग्रॅमच्या आत. प्लॅस्टिकची त्याहून कितीतरी हलकी असते, आणि ती हलकी दिसतेही. ती जड दिसावी, ५१ टन तिच्या अंगात आहेत असे पाहणाऱ्याला वाटावे, ही या कामातील खरी कसोटी होय.

हे काम आमच्या वाट्याला आले ते आमच्या एका स्नेह्यामुळे. त्यांचे नाव सांगू नका असे वहिनींनी बजावले आहे. तरीही या सभेत त्यांना ओळखणारे अनेक असतील, कारण पुष्कळांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांनी भरून दिल्या आहेत. ते आमच्याहून बारा वर्षांनी वडील. नाशिकच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते आणि आम्ही तेथे शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा कानस कशी धरावी हे त्यांनीच आम्हांला शिकविले. पुढे तो कारखाना बंद पडला. देणी मिळविण्यासाठी आम्ही नऊ वर्षे भांडलो. काही मिळाली, काही बुडाली. दादा गावी परतले, त्यांनी मोटारी भरण्याचे दुकान घातले आणि अखेरपर्यंत ते चालविले.

ते गेल्यावर चार महिन्यांनी वहिनींनी आम्हांला बोलावून एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत एक सेंच्युरियन होता. जपानी बनावटीचा, मोटार बसणारा. १९८४ साली मुंबईस गेले असता दादांनी तो मुलासाठी आणला होता आणि रात्रपाळी संपल्यावर बापलेकांनी मिळून जोडला होता. मुलगा आता परदेशी आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याचे काही होत असेल तर बघा. नाही तर राहू द्या तसाच." आम्ही म्हटले, "होईल की. दादांनी शिकविलेले हात आहेत."

आता त्या रणगाड्याचे दुखणे ऐका. तोफेची नळी मुळातून मोडलेली. सहापैकी दोन चाके एका अंगाची गळालेली. अंगावर रंगाचे तीन थर. बुडाला मोटारीच्या बटणाची फट आणि बॅटरीच्या झाकणाचे भोक. आणि सर्वांत वाईट म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे साखळीपट्टे चाकांत रुतून बसलेले. हा दोष सर्वांनी समजून घ्यावा असा आहे. पट्टा लवचिक राहावा म्हणून त्या व्हिनाइलमध्ये एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. वर्षानुवर्षे ते पाझरत राहते आणि ज्या पॉलिस्टायरीनच्या चाकाला टेकते त्याला विरघळवीत जाते. इकडे पट्टा स्वतः कोरडा होऊन तडकतो. म्हणजे जागचे हलविले नाही म्हणूनच हे यंत्र खराब झाले. आम्ही चाके ब्लेडने सोडविली, वितळलेल्या खळग्यांत लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने गोलाईत आणली आणि चाक व पट्टा यांच्या मध्ये रंगाचा पक्का थर दिला, म्हणजे पुन्हा तोच संग घडू नये.

तुटलेल्या पट्ट्याला प्लॅस्टिकचा सोल्युशन चिकटत नाही. नवशिके तेथे नळीच्या नळ्या रिकाम्या करतात. पट्टा शिवावा लागतो. टोके एकमेकांवर घेऊन बारीक तारेचा टाका घालावा आणि तो टाका रणगाड्याच्या बाजूच्या पत्र्याआड जाईल अशा ठिकाणी आणावा. आणखी एक गोष्ट. खऱ्या रणगाड्याचा पट्टा काही टन वजनाचा असतो. वरच्या बाजूला तो चाकांवर आधार नसेल तेथे झोळ घेतो. खेळण्यातला पट्टा रबरासारखा ताठ राहतो, आणि तेथेच प्रतिकृतीचे हलकेपण उघडे पडते. काळ्या दोऱ्याने तो खाली ओढून बांधला, की अर्धे वजन अंगात आल्यासारखे वाटते. सेंच्युरियनच्या बाजूला संरक्षक पत्रे असल्यामुळे हा झोळ फारसा दिसत नाही, तरी आम्ही बांधला. न दिसणारे काम नीट करावे, ही दादांचीच शिकवण होती.

जुने सांधे उकलायचे असतील तर ओढाताण करू नये. प्रतिकृती पिशवीत घालून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. जुना वाळलेला डिंक थंडीने ठिसूळ होतो आणि पाते हलकेच सरकविले की सांधा कटकन सुटतो. रंग उतरविण्यास थिनर, पेट्रोल वा ॲसिटोन कधीही वापरू नये. रंगाबरोबर रणगाडाही जातो. जुना एनॅमल रंग गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये काही तास ते एक दिवस बुडवून ठेवल्यास फुगून सुटतो. मग दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने तो काढावा आणि साबणाच्या पाण्याने वस्तू धुवावी. हातांत रबरी मोजे हवेत, मुले दूर हवीत, कारण ते तेल विषारी आहे. सुरक्षेची साधने मागण्यात आमची हयात गेली. घरच्या टेबलावर ती विसरलो तर लोक हसतील.

ही झाली डागडुजी. आता सुधारणा. चाळीस वर्षांपूर्वीचे संच ठोकळेबाज असत. हाताने धरण्याच्या कड्या अंगालाच ओतलेल्या, तोफेचे तोंड बंद. आम्ही तोंड सुईच्या टोकाने खूण करून हातड्रिलने कोरले. ओतीव कड्या खरवडून तेथे तांब्याच्या तारेच्या कड्या बसविल्या. ही तार दादांच्याच दुकानातील मोटार भरण्याची. ती निरनिराळ्या जाडीची मिळते आणि प्रतिकृतीच्या कामाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. बुडाची भोके प्लॅस्टिकच्या पत्र्याने बुजविली. रंग तीन पातळ हातांत दिला. जाड रंग का नको? रंगाचा थर दोन दशांश मिलिमीटर झाला, तर पस्तीस पटींनी तो सात मिलिमीटर होतो. खऱ्या रणगाड्यावर कोणी सात मिलिमीटर जाडीचा रंग फासील काय? तो बोल्ट आणि वेल्डिंगच्या रेघा गिळून टाकतो. धुळीचेही तसेच. मोसमच्या काठची माती आणून आम्ही ती धोतराच्या कापडातून तीनदा गाळली, कारण मातीचा एक दशांश मिलिमीटरचा कणसुद्धा त्या मापात साडेतीन मिलिमीटरचा खडा ठरतो. गाळून राहिलेले पीठ डिंकाच्या पाण्यातून चाकांना लावले.

येथवर सर्व ठीक झाले. आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

रंग उतरविण्यापूर्वी आम्ही ठरविले होते, की या सेंच्युरियनचा 'फॅमागुस्ता' करायचा. पूना हॉर्स या रेजिमेंटच्या ज्या रणगाड्यातून सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत लढले, त्याचे हे नाव. खेत्रपाल पुण्यात जन्मलेले. वय २१ वर्षे. रणगाडा पेटला असताही ते मागे फिरले नाहीत आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सहा वर्षांपूर्वी, १९६५ साली, याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनाही तो सन्मान मरणोत्तरच लाभला होता. 'फॅमागुस्ता' पुढे दुरुस्त झाला आणि आज अहिल्यानगरच्या, म्हणजे २०२४ पूर्वी ज्याला आपण अहमदनगर म्हणत असू त्या शहराच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. तेथेच १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. आम्ही मुद्दाम एस.टी.ने जाऊन ते पाहिले. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, माटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, हाती लागलेले पॅटन, आपला विजयंता, असे सारे रांगेने उभे आहेत. सेंच्युरियनभोवती आम्ही तासभर हिंडलो. वेल्डिंगची रेघ कोठे जाड आहे, पत्रा कोठे वाकला आहे, हे वहीत टिपले.

मग घरी येऊन प्रतिकृती ब्रेक ऑइलमध्ये टाकली. तिच्या बुरुजावर पांढऱ्या रंगाने ४१७ असा आकडा हाताने काढलेला होता. लष्करी पद्धतीचा तो नव्हता. पोराचा चाळा असेल, असे आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत तो गेला.

महिन्याने काम पुरे करून आम्ही वहिनींकडे गेलो. रणगाडा खरोखर चांगला झाला होता. वहिनींनी तो हातात घेऊन सर्व बाजूंनी फिरविला. म्हणाल्या, "छानच झालाय. पण भाऊजी, ह्यांचा नंबर कुठे गेला?"

कारखान्यात दादांचा टोकन नंबर ४१७ होता. आम्ही त्यांच्या हाताखाली चार वर्षे काम केले. रोज सकाळी फाटकापाशी त्यांना तो पितळी बिल्ला फळीवरून उचलताना पाहिले. त्यांच्या थकलेल्या देण्यांच्या अर्जावर तोच नंबर आम्ही स्वतः घातला होता. आणि तो आम्हांला ओळखता आला नाही! एका वीराचे स्मारक करण्याच्या भरात आम्ही आमच्याच माणसाची सही पुसली.

त्या रात्री झोप आली नाही. दुसरेही एक मनात आले. खेत्रपालांचे नाव आपण सर्व जाणतो, आणि जाणावेच. परंतु सेंच्युरियन एकटा माणूस चालवीत नाही. त्यात चौघे असतात. एक हुकूम देणारा, एक नेम धरणारा, एक तोफ भरणारा, एक हाकणारा. त्या दिवशी 'फॅमागुस्ता'मध्ये सवार प्रयागसिंग चालक होते, सवार नाथूसिंग तोफेवर होते, आणि सवार नंदसिंग बिनतारी यंत्रावर. नंदसिंग तेथेच कामी आले. उरलेले दोघे वाचले. या तिघांची नावे आम्ही तोवर कधी उच्चारली नव्हती. सभांमध्ये 'कष्टकऱ्यांची नोंद इतिहास घेत नाही' असे आम्ही शेकडो वेळा गरजलो असू. नोंद पुसण्याची पाळी आली तेव्हा ब्रश आमच्याच हातात होता.

काही श्रोत्यांच्या मनात शंका असेल, की कामगारांच्या माणसाने युद्धाच्या हत्याराचे कौतुक का करावे? कौतुक युद्धाचे नाही. रणगाडा काय करतो हे ज्याने त्याच्या आतल्या चार जागा मोजल्या आहेत त्याला चांगले समजते. वीतभर प्रतिकृतीत त्या जागा केवढ्या होतात ते पाहा. तोफ भरणाऱ्याच्या वाट्याला आगपेटीएवढीही ऐसपैस जागा येत नाही. एवढ्यात माणसे दारूगोळ्यासकट बसतात. हे ज्याला कळले, तो युद्धाच्या गप्पा जरा जपून मारील.

तर मग जुन्या वस्तूत सुधारणा करूच नये काय? असे आमचे मत नाही. तुटलेले जोडलेच पाहिजे, चुकीचे दुरुस्त केलेच पाहिजे. मालेगावात जुने म्हणून काढून टाकलेले माग पुन्हा उभे करून कारागीर पोटाला कापड विणतात. दुरुस्ती थांबली तर आपला निम्मा देश थांबेल. पण हात घालण्यापूर्वी ही वस्तू आधी कोणाच्या हातात होती हे विचारावे. प्रत्येक खुणेचा फोटो घ्यावा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आम्हांलाच तो सुचला नाही. खूण कशाची हे कळेपर्यंत तिला हात लावू नये. मूळ भाग काढलाच तर पुडीत घालून डब्यात ठेवावा. जे पुन्हा उलटवता येईल ते आधी करावे, जे येणार नाही ते सर्वांत शेवटी, आणि तेही कोणाला तरी विचारून. आम्ही वहिनींना विचारले असते, तर दोन मिनिटांचे काम होते.

हे नियम रणगाड्यापुरते नाहीत. गावातले देऊळ रंगवायला काढताना, आजोबांचा वाडा पाडून स्लॅब टाकताना, कारखान्याचे 'आधुनिकीकरण' करताना, सुधारणेच्या नावाखाली कोणाचा तरी नंबर पुसला जात असतो. पुसणारे बहुधा वाईट नसतात. ते आमच्यासारखे उत्साही असतात, एवढेच.

आता शेवट सांगतो. वहिनींच्या कपाटात दादांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. काही चिठ्ठ्यांवर दादांनी स्वतः पेन्सिलीने ४१७ लिहिले होते. त्यांचा चार उभ्या काठीचा, सात टोपीचा. ते वळण आम्ही पातळ कागदावर उतरवून घेतले, आठ दिवस कोऱ्या कागदावर गिरविले आणि मग दोन केसांच्या कुंचल्याने बुरुजावर काढले. तो दादांचा हात नाही, आमचा आहे. म्हणून रणगाड्याच्या बुडाला, बुजविलेल्या बटणाच्या फटीशेजारी, बारीक अक्षरांत 'नंबर पुन्हा काढला' असे लिहून खाली साल घातले आहे. कोणी उचलून पाहील त्याला खरे काय ते कळावे. 'फॅमागुस्ता' हे नाव आम्ही घातले नाही. त्या नावाचा रणगाडा अहिल्यानगरला आहे, त्याला आमच्या नकलेची गरज नाही. हा ४१७ नंबरचा रणगाडा आहे, आणि तो नामपूरचा आहे.

गेल्या दिवाळीत तो दादांच्या अंगणातल्या मातीच्या किल्ल्याशेजारी उभा होता. नातू परदेशातून आला होता. त्याने नंबर कशाचा म्हणून विचारले, आणि वहिनींनी त्याला फाटकावरच्या पितळी बिल्ल्यांची फळी कशी असे ते सांगितले. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचे काम त्या दिवशी आमच्याकडे नव्हते.

आपल्या घरीही माळ्यावर असा एखादा डबा असेल. तो उघडा, जरूर दुरुस्त करा. फक्त धुण्याआधी नीट वाचा.